वसतिगृहातली ताई

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. या मंडळात मी आजवर उभी राहिले ती भिशीचा हिशेब वाचून दाखवायला, तेवढीच. पण चिटणीसबाईंनी आग्रहच धरला, की तुमची मुलगी गडचिरोलीला वसतिगृहात जे काम करते ते काय आहे हे एकदा सर्वांना सांगा, पुष्कळजणी विचारतात. विचारतात हे खरे आहे. कोणी म्हणते, मास्तरीण झाली का? कोणी म्हणते, नोकरी लागली म्हणे, पगार किती? आमच्या गल्लीतल्या एका आजींनी तर विचारले, "पोरींवर पहारा देते म्हणे तुमची पोर?" तेव्हा एकदा नीट सांगून टाकावे असे मलाही वाटले. मी सातवी शिकलेली बाई. डोळ्यांनी पाहिले, मुलीकडून ऐकले आणि थोडेफार वाचले, एवढीच माझी पुंजी आहे.

वसतिगृहात ऐंशी मुली आणि गृहपालबाई एक. दाखले, अर्ज, वरच्या कचेरीच्या बैठका, नळाचे, विजेचे, किराण्याचे, सगळे त्यांच्याच डोक्यावर. रात्री फाटकाशी एक बाई असते. एवढ्यावर ऐंशी मुलींचे चालत नाही, हे तुम्हां-आम्हांला वेगळे सांगायला नको. चार लेकरांत आपली काय गत होते ते आपण जाणतो! म्हणून दर मजल्यावर तिथल्याच एका मोठ्या मुलीची नेमणूक करतात. कागदावर तिला 'विद्यार्थिनी प्रतिनिधी' म्हणतात. मुली नुसते 'ताई' म्हणतात. माझी मुलगी एम.ए.ला आहे, तिच्याकडे सव्वीस मुली आहेत. ती शिक्षिका नाही, नोकर नाही, पहारेकरीण तर नाहीच. तीही विद्यार्थिनीच, त्याच मजल्यावर राहते, त्याच नळावर बादली लावते. संध्याकाळी सातला हजेरी घ्यायची, कोण आजारी आहे ते पाहायचे, पाण्याची टाकी संपली तर सांगायचे, नव्या मुलीला बँकेत आणि महाविद्यालयाच्या कचेरीत घेऊन जायचे, दोरीवरच्या कपड्यांवरून भांडणे झाली तर मिटवायची, असे ते काम. पगार नाही. वर्षाच्या शेवटी एक प्रशस्तिपत्र मिळते.

आता एवढ्याशा कामावर भाषण कशाला, असे कोणाला वाटेल. तर आधी आपल्या मुलुखात वसतिगृह म्हणजे काय ते सांगते.

सिंदेवाहीहून गडचिरोली काही परदेश नव्हे. मूलला गाडी बदलायची, सावलीवरून जायचे, वैनगंगेचा पूल ओलांडला की आलेच. पण रोज जाऊन-येऊन शिकेन म्हणाल तर ते होत नाही. एक बस चुकली की दुसरीला अंधार, आणि अंधार पडल्यावर आपल्या रस्त्यांवर काय असते ते तुम्हांला ठाऊक आहे. २०२५ च्या मे महिन्यात आपल्याच तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाने मारल्या. ते दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. अशा मुलुखात तरण्या मुलीला रोज संध्याकाळच्या गाडीची वाट बघत उभी कोण ठेवील? आणि आपण तर जवळचे. भामरागडची मुलगी दीडशे किलोमीटरच्या वरून येते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तिची घरची वाट बंद पडते. सिरोंच्याची मुलगी तर गोदावरीच्या काठाहून येते. २०११ साली गोंडवाना विद्यापीठ झाले. त्याआधी या दोन्ही जिल्ह्यांची महाविद्यालये नागपूर विद्यापीठाखाली होती आणि साध्या एका कागदासाठीही नागपूर गाठावे लागे. आता विद्यापीठ गडचिरोलीत आले, हे फार चांगले झाले. पण विद्यापीठ जवळ आले म्हणून मुलगी तिथे पोचली असे होत नाही. रात्री निजायला जागा लागते. आमच्याकडे कित्येक घरांत हिशेब सरळ असतो: वसतिगृहात खाट मिळाली तर शिक्षण, नाही मिळाली तर लग्न.

आणि खाट मिळाली तरी मुलगी टिकते का? पहिल्या दोन महिन्यांत ज्या घरी परत जातात त्या अभ्यास जड गेला म्हणून फार थोड्या जातात. करमत नाही, बोली कळत नाही, कोणी हसले, पोट दुखले आणि सांगायला माणूस नाही, म्हणून जातात. माझ्या मुलीच्या मजल्यावर माडिया बोलणाऱ्या आहेत, गोंडी बोलणाऱ्या आहेत, सिरोंच्याच्या तेलुगू बोलतात, मुलचेऱ्याकडच्या बंगाली, कोरची-कुरखेड्याकडच्या छत्तीसगढी, आणि आमच्या झाडीपट्टीच्या पोरींची आपली झाडीबोली. मराठी सगळ्यांना येते. पण ताप चढला की माणूस मराठीत कण्हत नाही. माझ्या मुलीने पहिल्याच आठवड्यात माडियातले दहा-बारा शब्द लिहून घेतले, पाणी, पोट, डोके, आई, असे. ते कागदाचे चिटोर खोलीच्या दाराला आतून चिकटवले आहे. मी गेले तेव्हा पाहिले.

नेमणूक कशी होते हे बऱ्याचजणींनी विचारले. निदान एक वर्ष तिथे राहिलेली मुलगी पाहतात. अर्ज द्यावा लागतो. गृहपालबाई दोन-चार मोठ्या मुलींना बोलावून हिच्याविषयी विचारतात, मग हिलाच समोर बसवून विचारतात. माझ्या मुलीला विचारले, तुझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीने नियम मोडला तर तू काय करशील? ती म्हणाली, "आधी तिला सांगेन की मी हे सांगणार आहे. मग तुम्हांला सांगेन." नेमणूक या उत्तरावर झाली असे माझे मत आहे. गृहपालबाईंनी तसे काही बोलून दाखवले नाही.

घरी मात्र वादळ झाले. आमच्या यजमानांचे म्हणणे, "शिकायला पाठवली आहे, दुसऱ्यांच्या पोरींची उठाठेव करायला नाही. उद्या काही झाले तर नाव हिचे येईल." बोलणे खोटे नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "फुकटचे काम आणि वर बोल." तेही खोटे नव्हते. मी म्हटले, फुकटचे काम आणि वर बोल, हे तर आपण घरोघर करतोच आहोत. निदान तिला त्याचा कागद तरी मिळतो! यावर सासूबाई हसल्या आणि तिथे अर्धे भांडण मिटले. उरलेले अर्धे मी असे मिटवले की मुलीकडून तीन गोष्टी कबूल करून घेतल्या. पैशाला हात लावायचा नाही. वर्गणी असो, गॅसचे पैसे असोत, ते दुसऱ्या कोणाकडे. शेवटच्या वर्षाला हे काम सोडायचे. आणि जे काही करशील ते वहीत लिहून, वेळ घालून, खाली सही करायची. ही तिसरी गोष्ट मी भिशीत शिकले आहे. तोंडी हिशेबाला साक्षीदार नसतो.

तिने मात्र स्वतःची एक गोष्ट केली, ती मला फार आवडली. पहिल्या दिवशी सगळ्या सव्वीस मुलींना गॅलरीत बसवून सांगितले, "तुमच्या तीन गोष्टी मी लपवणार नाही. कोणाच्या जिवाला धोका असेल तर, कोणी रात्री परत आली नसेल तर, आणि कोणी कोणाला छळत असेल तर. या तीन मी मॅडमना सांगणार, आणि सांगण्याआधी तुम्हांला सांगणार. बाकी तुमचे जे काही असेल ते माझ्यापाशी राहील." भगिनींनो, मला वाटते सगळे काम या चार वाक्यांत आहे. कारण ही मुलगी उभी असते उंबऱ्यावर. आत मुली, बाहेर गृहपाल. मुलींना वाटते ही मॅडमची चमची. मॅडमना वाटते ही मुलींना पाठीशी घालते. काय सांगणार आणि काय नाही हे आधीच ठरलेले नसेल तर दोन्हीकडून तिच्यावरचा विश्वास जातो. आणि तो गेला की राहते काय? नुसती हजेरीची वही.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट सांगते. थंडी कडाक्याची होती. रात्री दीडच्या सुमारास पहिल्या वर्षाची एक मुलगी कण्हू लागली. हात, पाय, पाठ, सगळे ठणकत होते. मुली जमल्या. कोणी बाम चोळते, कोणी म्हणते वात आहे, कोणी म्हणते थंड पाण्याची पट्टी ठेवा. माझ्या मुलीला मात्र ठाऊक होते. या मुलीने तिला जुलैतच बाजूला घेऊन सांगितले होते की मला सिकलसेल आहे, पण ताई, कोणाला कळू देऊ नका, सोयरीक मोडते. आपल्या भागात हा आजार किती घरांत आहे ते सांगायला नको. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक शिरांत अडकतात आणि मग असह्य दुखते. थंडी, पाणी कमी पिणे, अतिश्रम, ताप, यांनी तो उसळतो. अशा वेळी अंग गरम ठेवावे, पाणी पाजावे आणि दवाखाना गाठावा. थंड पट्टी मुळीच लावू नये. हे तिने दवाखान्यातल्या नर्सबाईंना आधीच विचारून ठेवले होते.

गृहपालबाईंकडे त्या महिन्यात दोन वसतिगृहांचा भार होता आणि त्या रात्री त्या दुसरीकडे होत्या. फोन लागला पण उचलला गेला नाही. हिने १०८ ला फोन केला. गाडी आली. आता फाटकावरची बाई म्हणे, "मॅडमच्या हुकमाशिवाय रात्री मी कोणाला सोडणार नाही." तिचेही बरोबर, उद्या तिची नोकरी जायची. माझ्या मुलीने वही मागितली आणि तिच्यात लिहिले: रात्री दोन वाजून पाच मिनिटे, अमुक खोलीतली मुलगी आजारी, मी तिला जिल्हा रुग्णालयात नेत आहे, जबाबदारी माझी. खाली पूर्ण नाव, सही. फाटक उघडले. गाडीत बसल्यावर गृहपालबाईंचा फोन आला, त्या थेट रुग्णालयात आल्या, आणि आल्या आल्या आधी वहीतली नोंद वाचून दाखवायला सांगितली. हिने मोबाइलवर तिचे चित्र काढून आणलेच होते.

डॉक्टरांना हिने उतरताक्षणी सांगितले, सिकलसेल आहे. गृहपालबाईंना सांगितले. आणि दुसऱ्या दिवशी मजल्यावरच्या मुलींनी विचारले तेव्हा म्हणाली, "हातपाय दुखत होते, आता बरी आहे." ज्याला कळायला हवे त्याला कळले, ज्याला नको त्याला नाही. मुलगी चार दिवसांनी परत आली.

पहाटे पाचला मला फोन आला. "आई, झोप येत नाही." मी विचारले, काही खाल्लेस का? नाही म्हणाली. डब्यात मी दिलेले तिळाचे लाडू होते, ते खायला लावले. फोनवर ती लाडू खात होती आणि मी इकडे चूल पेटवीत होते. बोलणे काहीच झाले नाही.

सगळेच असे गोड होत नाही. तिच्याच खोलीतली, तीन वर्षांची मैत्रीण. एका शनिवारी आरमोरीला नातेवाइकांकडे म्हणून गेली आणि हजेरीला आली नाही. फोनवरून म्हणाली, बस चुकली, उद्या येते, तू आज 'हजर' लिही. एवढेच मागत होती. हिने 'गैरहजर' लिहिले, कारण लिहिले, आणि लिहिण्याआधी तिला सांगितले. मैत्रीण दीड महिना बोलली नाही. एका खोलीत दोन खाटा, आणि दीड महिना बोलणे नाही! माझी मुलगी घरी येऊन रडली. तिचे बाबा म्हणाले, "लिहायचे होते हजर, कोणाला कळले असते?" मी म्हटले, त्या रात्री त्या पोरीला रस्त्यात काही झाले असते, तर वहीत ती हजर, म्हणजे तिला शोधायला कोणी निघालेच नसते. ते गप्प राहिले. पुढे त्या दोघी बोलू लागल्या. पण पहिल्यासारखे नाही, असे मुलगी सांगते. या कामाची ही किंमत आहे आणि ती ज्याने त्याने आधी जाणून घ्यावी.

आणखी एक सांगते. भामरागडकडची एक मुलगी होती, हुशार, पण जेवेना. चार दिवस ताट तसेच. ताईने जवळ बसवून विचारले तेव्हा कळले, घरून निरोप आला आहे, रोवणे सुरू झाले, माणूस मिळत नाही, ये; आणि आलीस की परत जाण्याचे बघू. हे 'बघू' काय असते ते आपल्याला कळते. आता पाहा, वसतिगृहाचे प्रवेश आणि धानाचे रोवणे एकाच हंगामात, आणि परीक्षा आणि तेंदूपत्ता एकाच हंगामात. हे वेळापत्रक ज्यांनी केले त्यांच्या घरी धान नसावे. माझ्या मुलीने मला फोन केला, "आई, तू तिच्या आईशी बोल." मी बोलले. त्या बाईंना मराठी थोडेच येत होते, मला माडिया मुळीच नाही. मुलगी मध्ये बसून इकडचे तिकडे करीत होती. मी म्हटले, बारा दिवस न्या, रोवणे होऊ द्या, पण परत पाठवा. त्या हो म्हणाल्या. मुलगी गेली आणि परत आली नाही. पोळा झाला, तरी आली नाही. गृहपालबाईंनीही पत्र पाठवले, फोन केला. शेवटी ती खाट यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. माझ्या मुलीच्या मनाला ते फार लागले. मी तिला सांगितले, दार उघडे ठेवणे तुझ्या हाती होते. त्यांच्या बांधीत पाणी आणि माणूस किती, हे तुझ्या हाती नव्हते.

हे काम काही नवीन नाही बरे का. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, तिथे पहिल्यांदा शिकायला आलेल्या विधवा मुलींत गोदूबाई होत्या. त्याच पुढे अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी, बाया कर्वे. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले. विसाव्या वर्षी विधवा झाल्या, पदरी मूल, आणि सव्विसाव्या वर्षाच्या सुमाराला पाटी हातात घेतली. वर्गात लहान मुली आणि त्यांच्यात ही बाई बसलेली! त्याच पुढे हिंगण्याच्या आश्रमाच्या व्यवस्थापक झाल्या. आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. १९१८ साली, इंग्रजी धड येत नसता अमेरिकेस गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी काम करून राहिल्या. त्यांनी आपली कहाणी लिहून ठेवली आहे. मला त्यांच्याविषयी वाटते ते असे, की वसतिगृहात येणाऱ्या बाईला पहिल्या रात्री काय वाटते हे सांगायला त्यांना पुस्तक लागले नसेल. त्या स्वतः तशाच आल्या होत्या. बाहेरून नेमलेल्या हुशार बाईला जे शिकवावे लागते ते आत राहिलेलीला आधीच येत असते. सातारच्या बोर्डिंगातही तेच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली ते काढले, सगळ्या जातींची मुले एकत्र ठेवली आणि कामे मुलांवरच सोपवली. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले हे आपण सर्वांनी ऐकले आहे.

आजच्या कायद्यातही याला जागा आहे, हे मला मुलीमुळे कळले. नव्या मुलांना छळण्याचा जो प्रकार असतो, रॅगिंग, त्याविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ सालीच कायदा केला. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पुढे २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने साऱ्या देशासाठी नियम केले. त्यांत असे आहे की दर सहा नव्या विद्यार्थ्यांमागे एक जुना विद्यार्थी मार्गदर्शक असावा, आणि अशा सहा मार्गदर्शकांवर आणखी वरच्या वर्गाचा एक. सहामागे एक! माझ्या मुलीकडे सव्वीस आहेत. नियम लिहिणाऱ्याला आकडा बरोबर कळला होता, एवढेच मी म्हणेन. छळाची तक्रार करायला दिवसरात्र चालणारा फुकट फोनही आहे, १८००-१८०-५५२२. हा आकडा मुलीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या.

अमेरिकेत या कामाला 'रेसिडेंट असिस्टंट' म्हणतात, असे मुलीने मोबाइलवर वाचून दाखवले. तिथे विद्यापीठाच्या वसतिगृहात दर मजल्यावर असा एक विद्यार्थी असतो. सत्र सुरू होण्याआधी त्यांना बोलावून शिकवतात: आजारात काय करायचे, भांडणात काय करायचे, एखादी मुलगी जिवाला कंटाळली आहे हे कसे ओळखायचे. आणि बहुतेक ठिकाणी त्यांना खोलीचे भाडे माफ असते, पुष्कळ ठिकाणी जेवणही. तरीसुद्धा २००२ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या अशा विद्यार्थ्यांनी मतदान करून आपली कामगार संघटना केली, कारण हे काम आहे, नुसती हौस नव्हे, असे त्यांचे म्हणणे. यजमानांनी हे ऐकले आणि म्हणाले, "बघ, तिकडच्यांना कळते."

माझेही मत त्यांच्याच बाजूचे आहे. सेवा चांगली, पण सेवेच्या नावाखाली मुलींकडून फुकट काम करून घेण्याची आपल्याकडे फार जुनी खोड आहे. पैसे नसतील तर नसोत, पण निदान तिला शिकवा. रात्री गृहपाल नसतील तर फोन कोणाला करायचा ते लिहून द्या. एक औषधाची पेटी द्या. फाटकावरच्या बाईला आधीच सांगून ठेवा की आजारात ताईच्या सहीवर दार उघडायचे. त्या डिसेंबरच्या रात्रीनंतर गृहपालबाईंनी हे शेवटचे करून टाकले, कागदावर, शिक्क्यानिशी, आणि त्यांचे मला कौतुक वाटते. बाकीच्यासाठी मुलींनी मिळून अर्ज दिला आहे. उत्तर अजून आले नाही.

मुलांच्या बोलण्यातही बळ असते. २०१८ साली आदिवासी विभागाच्या शहरांतल्या वसतिगृहांत जेवणाऐवजी मुलांच्या खात्यात पैसे टाकायचे असे ठरले, तेव्हा मुले-मुली पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. पैसे खात्यात उशिरा आले तर पोटाने थांबायचे का, हा त्यांचा सवाल होता. आपण घर चालवणाऱ्या बाया आहोत. हा सवाल आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

काहीजणींनी विचारले, अभ्यासाचे काय झाले? पहिल्या सत्रात तिचे गुण थोडे उतरले. दुसऱ्यात सावरले, कारण तिने रात्री नऊ ते अकरा खोलीच्या दाराला पाटी लावली: जिवावरचे असेल तरच ठोका. पहिल्या दिवशी सातजणींनी ठोकले. एकीला सेफ्टी पिन हवी होती. आता कोणी ठोकत नाही.

कोणत्या मुलीला हे काम जमते हेही मला विचारतात. फार बोलकी हवी असे नाही. माझी मुलगी घरात तशी घुमीच. पण तिला ऐकलेले पोटात ठेवता येते, आणि नको असलेले तोंडावर सांगता येते. या दोन्ही गोष्टी एकाच मुलीत असणे कठीण. एकच असेल तर मी म्हणेन, आईने तिला या कामात घालू नये. मुलींचेही नुकसान आणि तिचेही. आणि जी घरी चोरून रडते, तिनेही एक वर्ष थांबावे.

आता ज्यांच्या मुली यंदा बारावीला आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. वसतिगृहाच्या अर्जाला जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, आधार आणि बँकेचे पुस्तक लागते. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. निकाल लागल्यावर तहसील कचेरीत रांग असते आणि तेव्हाच रोवण्याची तयारी असते. मुलीला सिकलसेलची तपासणी झाली असेल तर तो कागद बरोबर द्या, लपवू नका. निदान ताईला सांगायला सांगा. आणि मुलीला सोडायला जाल तेव्हा गृहपालबाईंना भेटाच, पण मजल्यावरची ताई कोण ते विचारून तिलाही भेटा. तिचा नंबर घ्या. रोज फोन मात्र करू नका तिला; सव्वीस आयांचे फोन आले तर ती अभ्यास कधी करणार?

माझी मुलगी दिवाळीला येते आहे. भाऊबीजेनंतर दोन दिवस घरी आहे. ज्यांना तिलाच काही विचारायचे आहे त्यांनी मुलींना घेऊन जरूर यावे. फक्त सकाळी दहाच्या आत येऊ नये. वसतिगृहातली झोप ती घरी येऊन भरून काढते.